जिवाची मुंबई करायची? मग आधी म्हशींची सोय लावा!

सोयाबीनची पोती घरात आली, बाजरीचे खळे उठले, गव्हाला पहिले पाणी दिले, की घरातली पोरे हळूच विषय काढतात, “यंदा तरी मुंबई दाखवणार ना?” घरधनी म्हणतो, “बघू.” हे ‘बघू’ कित्येक घरांत वर्षानुवर्षे चालते. मग एखाद्या वर्षी हाती दोन पैसे बरे येतात, नाहीतर पाहुण्यांकडचे लग्न निघते, आणि घाईघाईने पिशव्या भरून मंडळी निघतात. पण न ठरवता केलेली सहल म्हणजे नांगरट न करता केलेली पेरणी. बी जाते, मेहनत जाते, आणि हाती काही लागत नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, आजचा मजकूर या ‘बघू’चे ‘चला’ करण्यासाठी आहे. मुंबईची माहिती देणारी पुस्तके पुष्कळ मिळतात. पण शेतकऱ्याच्या घराने सहकुटुंब निघायचे, तर त्याच्या अडचणी निराळ्या असतात. नोकरदाराने रजेचा अर्ज दिला की तो मोकळा झाला. आपल्या म्हशीला अर्ज वाचता येत नाही!

आमच्या घरच्या दोन सहली

मी दहा-अकरा वर्षांचा असताना वडिलांनी आम्हा भावंडांना आणि आजीला मुंबई दाखवली. एका दिवसात सगळी मुंबई फिरवून आणणाऱ्या एका बसमध्ये आम्ही बसलो. सकाळी निघालेली ती बस रात्रीपर्यंत पळतच होती. कागदावर चौदा ठिकाणे होती, त्यांतली निम्मी खिडकीतून दिसली. ‘डावीकडे पाहा’ म्हणेपर्यंत डावीकडचे मागे गेलेले असायचे. आजीला बस लागली. तिने डोळे मिटून घेतले ते मिटूनच. गावी आल्यावर शेजारणींनी विचारले, “काय काय पाहिलं, आजी?” आजी म्हणाली, “माणसं.”

आई तर आलीच नव्हती. घरी दोन म्हशी होत्या, त्यांतली एक नुकतीच व्यालेली. कोणीतरी मागे राहायला हवे होते, आणि आपल्याकडे ‘कोणीतरी’ म्हणजे घरची बाई. आम्ही परत आल्यावर तिने मला एवढेच विचारले, “समुद्र कसा असतो रे?” मी म्हणालो, “आपल्या धरणासारखा, पण मोठा.” तिने मान हलवली आणि ती धार काढायला गेली.

त्यानंतरच्या चाळीस वर्षांत आई पंढरपूरला गेली, सप्तशृंगीच्या गडावर गेली, लग्नकार्यांना गेली. मुंबई काही झाली नाही. शेवटी आम्ही मनावर घेतले, तेव्हा माझी पत्नी सहज म्हणाली, “आईंना घेऊन जा. मी राहते. म्हशी आहेत ना.” आई तिथल्या तिथे म्हणाली, “ती राहणार असंल तर मी बी येत नाही. एकीच्या जागी दुसरी ठेवून जायचं, तर त्यात नवं काय केलं?”

त्या एका बोलण्याने आमच्या सहलीची आखणी उलट बाजूने सुरू झाली. काय पाहायचे ते नंतर. घरातली कोणी बाई गोठ्यासाठी मागे राहू नये म्हणून काय करायचे, ते आधी.

पहिले काम : गोठ्याची सावड

पेरणीला, कापणीला आपण सावड करतो. मग धारेला सावड का नसावी? शेजारच्या घराशी आम्ही बोललो. त्यांनाही देवदर्शनाला जायचे होते आणि त्यांचीही गाडी गोठ्यापाशीच अडली होती. ठरले ते असे : आमचे चार दिवस त्यांनी पाहायचे, त्यांचे चार दिवस आम्ही.

पण म्हशीला परका हात चालत नाही. अनोळखी माणूस कासेला बसले की ती पान्हा चोरते. म्हणून शेजारच्या वहिनी निघण्याच्या आठ-दहा दिवस आधीपासून संध्याकाळी आमच्याकडे धारेला येऊ लागल्या. पहिले दोन दिवस माझी पत्नी म्हशीच्या डोक्याशी उभी राहिली, पुढचे दोन दिवस गोठ्याच्या दाराशी, मग घरातच. आंबोण तेच, बादली तीच, वेळ तीच. शेवटच्या दोन दिवसांत म्हैस वहिनींना पुरते दूध देऊ लागली आणि घरातली निम्मी काळजी मिटली.

आणखी चार गोष्टी आधीच मिटवाव्यात. व्यायला महिनाभर राहिलेली किंवा नुकती व्यालेली म्हैस असेल, तर सहल पुढे ढकलावी. चार दिवसांचा चारा काढून, पेंड मोजून ठेवावी. जनावरांच्या डॉक्टरांचा फोन नंबर गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहावा. कालव्याचे आवर्तन किंवा शेतीपंपाच्या विजेची पाळी त्याच आठवड्यात येत नाही ना, हे पाहावे. आणि डेअरीत चार दिवस दूध कोणाच्या नावावर घालायचे, पैसे कोणी घ्यायचे, हे तोंडी न ठेवता वहीत लिहावे. सावड टिकते ती चोख हिशेबाने.

केव्हा जावे?

पावसाळ्यात मुंबईची सहल नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्या दुष्काळी तालुक्यांत तेवढा वर्षभरातही पडत नाही. रोज असे होत नाही हे खरे, पण भर पावसात लोकल गाड्या अडतात आणि समुद्र खवळला की लाँच बंद राहतात. उन्हाळ्यात घामाने जीव नकोसा होतो. आपल्या कोरड्या उन्हाची सवय तिथल्या दमट उकाड्यात उपयोगी पडत नाही. मार्गशीर्ष ते माघ हा काळ सर्वांत चांगला. गणेशोत्सवात किंवा ६ डिसेंबरच्या आसपास जायचे, तर त्या दर्शनासाठीच जावे. त्या गर्दीत इतर सहल होत नाही.

वाराला तिथीपेक्षाही महत्त्व आहे. घारापुरीची लेणी आणि बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद. राणीची बाग बुधवारी बंद. सिद्धिविनायकाला मंगळवारी मोठी रांग. रविवारी रेल्वे दुरुस्तीसाठी काही तास काही मार्ग बंद ठेवते, त्याला मुंबईकर ‘मेगाब्लॉक’ म्हणतात. आता तुम्हीच बेरीज करा. बुधवारी संध्याकाळी पोचावे, गुरुवार, शुक्रवार, शनिवार फिरावे आणि शनिवारी रात्री परत निघावे. यात कोणतेच दार बंद सापडत नाही.

लांबच्या गाडीचे आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती, ती नोव्हेंबर २०२४ पासून कमी झाली. तेव्हा दिनदर्शिकेवर निघण्याच्या दिवसाला खूण करा आणि तिथून मागे दोन महिने मोजा.

पैशाची जुळणी

सहलीसाठी उसनवारी करू नये, सोसायटीच्या पैशाला हात लावू नये. ज्या वर्षी जमेल त्या वर्षी जावे. ठरवलेल्या रकमेचे चार भाग करावेत. एक प्रवासाचा, एक मुक्कामाचा, एक खाण्यापिण्याचा व तिकिटांचा. चौथ्या भागाला हात लावायचा नाही. तो दुखण्याखुपण्यासाठी असतो. न लागला तर परत येतो, आणि त्याचा आनंद निराळाच!

सवलती माहीत करून घ्याव्यात. एस.टी.त ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून मोफत प्रवास आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आहे आणि मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. म्हणजे घरच्या बाईला न्यायला आता तिकिटाची सबब उरली नाही. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मात्र २०२० मध्ये थांबली. पाच वर्षांखालच्या मुलांना स्वतंत्र जागा नको असेल तर रेल्वेचे तिकीट लागत नाही. मुंबईच्या लोकलसाठी एक, तीन किंवा पाच दिवसांचे पर्यटक तिकीट मिळते. ते काढले की दर वेळी खिडकीशी रांगेत उभे राहावे लागत नाही. आधार कार्ड प्रत्येकाचे बरोबर असावे. सवलतीला लागते आणि मुक्कामालाही.

सगळे पैसे एकाच खिशात ठेवू नयेत. थोडे घरधन्याकडे, थोडे घरधनिणीकडे, थोडे पिशवीच्या तळाशी. मोबाईलवरून पैसे देता येतात, पण फोनची बॅटरी संपली की पैसाही संपला असे समजावे.

मुक्काम कोठे करावा?

गावचा एखादा तरी माणूस मुंबईत असतोच. पण त्याचे घर पाहून मग ठरवावे. दहा बाय बाराच्या खोलीत त्यांची चार माणसे राहतात, त्यात आपली सहा गेली तर तो तोंडाने ‘या’ म्हणेल, पण त्याची अडचण आपण ओळखावी. अशा वेळी एक जेवण त्यांच्याकडे करावे आणि मुक्काम धर्मशाळेत किंवा साध्या लॉजमध्ये करावा. पक्के तिकीट असणाऱ्यांना मोठ्या स्थानकांवर विश्रामकक्षही मिळतात, मात्र ते आधी नोंदवावे लागतात.

नातेवाइकांकडेच उतरायचे झाले, तर ज्वारीचे पीठ, शेंगा, डाळ, घरचे तूप घेऊन जावे. रिकाम्या हाताने जाऊ नये. अनेक ठिकाणी पाणी ठरावीक वेळीच येते. त्यांचा भरण्याचा वेळ झाला की मग आपण आंघोळीला जावे. मुक्काम दादर, परळ किंवा बोरीबंदरच्या आसपास असावा. लांब उपनगरात स्वस्त मिळाले म्हणून राहिलो, तर रोज तीन-चार तास जाण्यायेण्यात जातात.

तीन दिवस, तीन वाटा

आमचा नियम साधा होता. दिवसाला दोनच मोठी ठिकाणे, एक सकाळी, एक संध्याकाळी. दुपारी विसावा. आणि चाल सगळ्यांत हळू चालणाऱ्याची. बैलजोडीत एक बैल थकला तर आपण दुसऱ्याला पराणी लावत नाही. तसेच हे.

पहिला दिवस – बोरीबंदर ते गेटवे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर माणसे धावतच बाहेर पडतात. तुम्ही थांबा, समोरच्या बाजूला जा आणि वर पाहा. १८८७ साली लोकांसाठी खुली झालेली ही इमारत २००४ पासून जागतिक वारसा मानली जाते. दगडात कोरलेले मोर, माकडे, पानेफुले मुलांना शोधायला सांगा. इथूनच, बोरीबंदराहून, १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी आगगाडी ठाण्याला गेली. ती या इमारतीच्याही आधीची गोष्ट.

जवळच महात्मा जोतिबा फुले मंडई आहे, जुने लोक तिला क्रॉफर्ड मार्केट म्हणतात. १८६९ ची ही मंडई. तिच्या दारावर दगडात कोरलेली चित्रे आहेत, ती शेतात राबणाऱ्या माणसांची. ज्या जोतिरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यांचे नाव आज या मंडईला आहे. घाऊक बाजार आता नवी मुंबईत वाशीला गेला आहे, पण ही चित्रे पाहायला विसरू नका.

तिथून हुतात्मा चौकात या. संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्यांनी प्राण दिले त्यांचे हे स्मारक. मशाल धरून उभी असलेली दोन माणसे आहेत, एक कामगार आणि दुसरा शेतकरी. एवढ्या मोठ्या शहराच्या मध्यावर आपल्यासारखा माणूस उभा आहे, हे मुलांना आवर्जून दाखवा. खेड्यातला माणूस शहरात गेला की उगीच अंग चोरून चालतो. या चौकात पाठ ताठ होते.

पुढे विद्यापीठाचा राजाबाई टॉवर दिसतो. १८७८ साली पूर्ण झालेला, २८० फूट उंच. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्याने दिलेल्या देणगीतून तो उभा राहिला आणि त्याला त्यांच्या आईचे नाव दिले गेले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशाने मुंबईचे रूप पालटले. कापूस पिकवला कोणी, हे या पानाच्या वाचकाला सांगायला नको.

दुपारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहावे. सावली आहे, बसायला बाके आहेत, बाग आहे. सगळी दालने पाहण्याचा हट्ट धरू नये. मूर्ती, शस्त्रे आणि पशुपक्ष्यांचे दालन पाहिले तरी पुष्कळ झाले. उन्हे उतरली की गेटवे ऑफ इंडिया. १९११ मध्ये इंग्रज राजा आला त्याची आठवण म्हणून ही कमान बांधली, १९२४ मध्ये ती पुरी झाली, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीखालून निघून गेली. समोर घोड्यावर स्वार शिवछत्रपतींचा पुतळा आहे. राजा आला तो दरवाजा आणि त्याचे सैन्य गेले तो दरवाजा एकच, ही गोष्ट मुले कधी विसरत नाहीत.

दुसरा दिवस – घारापुरी. गेटवेहून लाँचने सुमारे तासाभराचा प्रवास. सकाळच्या पहिल्या लाँचपैकी एखादी पकडावी. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच वाटेवर प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकून माणसे दगावली. म्हणून एवढे पाळा : जीवरक्षक जाकीट प्रत्येकाने अंगावर घालायचे, मांडीवर ठेवायचे नाही. बोट गच्च भरलेली दिसली तर पुढची घ्यायची. तासाभराने सहल बिघडत नाही.

बेटावर लेण्यांपर्यंत १२० च्या आसपास पायऱ्या आहेत. म्हाताऱ्या माणसांसाठी डोली मिळते, तिचा भाव चढण्याआधी ठरवावा. आईने डोली नाकारली. “गड चढले, हे काय मोठं?” म्हणून ती दर वीस पायऱ्यांवर बसत बसत वर गेली. आम्हीही बसलो. वर सुमारे २० फूट उंचीची तीन मुखांची शिवमूर्ती आहे. १९८७ पासून ही लेणी जागतिक वारसा आहेत. माकडांपासून खाऊच्या पिशव्या जपाव्यात.

एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. मुंबईच्या दिव्यांचा लखलखाट समोर दिसत असूनही या बेटावरच्या गावांत कायमची वीज आली ती २०१८ साली, समुद्राखालून टाकलेल्या तारेने. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

दुपारी परत येऊन झोप काढावी. संध्याकाळी गिरगाव चौपाटी. लोकमान्य टिळकांवर १९२० साली इथेच अंत्यसंस्कार झाले, तिथे त्यांचा पुतळा आहे. वाळूत बसावे, मुलांना किल्ले करू द्यावेत. पाण्यात घोट्यापलीकडे जाऊ नये. विहिरीत पोहता येते म्हणून समुद्रात उतरणारे फसतात.

तिसरा दिवस – राणीची बाग आणि दादर. भायखळ्याचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणजेच आपली राणीची बाग. १८६२ साली सुरू झाली. मुले पेंग्विनकडे धावतील, ते २०१७ पासून लोकांना पाहायला मिळतात. पण शेतकऱ्याने झाडे पाहावीत. दोन माणसांच्या कवेत न मावणारी गोरखचिंच आणि देशोदेशींची जुनी झाडे इथे आहेत. शेजारी १८७२ साली खुले झालेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. त्याच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. हा मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ नाव दिले. आदल्या दिवशी त्याचे गाव पाहिले आणि आज तो भेटला, म्हणून आमची मुले फार खूश झाली.

भायखळ्याहून दादरकडे येताना गिरणगाव लागते. सातारा, कोल्हापूर, कोकण, कुठल्या गावातला माणूस इथे गिरणीत नव्हता? १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि पुष्कळांना पुन्हा गावाकडे यावे लागले. आता गिरण्यांच्या जागी उंच काचेच्या इमारती आहेत. मध्येच एखादी धुराड्याची चिमणी दिसते. तुमच्या घरात कोणी गिरणीत काम केलेले असेल, तर त्यांना बरोबर आणाच. आपली गिरणी कुठे होती ते त्यांनाच दाखवू द्या.

संध्याकाळी सिद्धिविनायक आणि चैत्यभूमी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर ७ डिसेंबर १९५६ रोजी जिथे अंत्यसंस्कार झाले ती ही जागा, समुद्राच्या काठी. आणि लवकर उठण्याची सवय असेल (ती आपल्याला असतेच), तर पहाटे दादर स्थानकाबाहेरचा फुलबाजार पाहा. झेंडू, शेवंतीच्या पाट्या कोण कशा मांडतो, भाव कसा बोलतो, हे पाहायला तिकीट लागत नाही. झेंडू लावणाऱ्याने तर चुकवूच नये.

लोकल गाडीची शिस्त

सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ या वेळांत म्हातारी माणसे व मुले घेऊन लोकलमध्ये शिरू नये. फलाटावर गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते. आधी उतरणाऱ्यांना वाट द्यावी, मग चढावे. बायकांचे डबे वेगळे असतात, पण पहिल्या दिवशी सगळ्यांनी एकाच डब्यात बसावे. जलद गाडी सगळीकडे थांबत नाही, धिमी थांबते. आपल्याला घाई नाही, धिमी बरी. दारात उभे राहू नये, पोरांना तर मुळीच उभे करू नये. २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाली. तिला बोरीबंदर, हुतात्मा चौक, दादर, सिद्धिविनायक अशी स्थानके आहेत. तिथे वरखाली जायला लिफ्ट आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांची सोय होते.

लहानपणी चित्रात पाहिलेली जुनी लाल दुमजली बस मात्र आता दिसणार नाही. तिची शेवटची फेरी १५ सप्टेंबर २०२३ रोजी झाली. वातानुकूलित, विजेवर चालणाऱ्या दुमजली बसगाड्या तेवढ्या काही मार्गांवर आहेत. मुलांना वरच्या मजल्यावर पुढच्या बाकावर बसवा, निम्मी मुंबई तिथूनच दिसते.

चुकामूक झाली तर

चुकामूक होणारच असे धरून चालावे. प्रत्येक मुलाच्या आणि म्हाताऱ्या माणसाच्या खिशात एक चिठ्ठी ठेवावी. तीत घरातल्या दोघांचे फोन नंबर आणि मुक्कामाचा पत्ता लिहावा. मुलांना एकच शिकवावे : हरवलो तर पळायचे नाही, आहे तिथेच उभे राहायचे आणि पोलिसाला सांगायचे. गाडीत कोणी मागे राहिले, तर पुढे गेलेल्यांनी पुढच्या स्थानकावर उतरून थांबावे. तातडीला ११२, हरवलेल्या मुलांसाठी १०९८ आणि रेल्वेच्या मदतीसाठी १३९ हे नंबर पाठ असावेत.

अनोळखी माणसाने दिलेले खाऊ नये. ‘स्वस्तात लॉज दाखवतो’ म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नये. टॅक्सीत मीटर पाडायला सांगावे. पहिल्या दिवसासाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ बरोबर असू द्यावा. पाणी उकळलेले किंवा बंद बाटलीचे प्यावे. चौपाटीवर भेळ खावी, पण बर्फाचा गोळा लहानांना टाळावा. चपला जुन्या, पायात बसलेल्या घालाव्यात. नव्या चपलेने निम्म्या सहली बुडवल्या आहेत.

शेवटी समुद्राची गोष्ट

चौपाटीवर आई बराच वेळ काही बोलली नाही. मग पदर खोचून पुढे गेली, ओंजळीत पाणी घेऊन तिने जिभेला लावले आणि म्हणाली, “खारटच आहे की खरं.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “एवढं पाणी, अन् एका वाफ्याच्या कामाचं नाही!” माझी पत्नी हसली. मग दोघी सासू-सुना तिथेच वाळूत बसून राहिल्या. घरी म्हशीची धार निघाली असेल का, असे एकीनेही विचारले नाही. निघाली होती. वहिनींचा फोन दुपारीच येऊन गेला होता.

मला मात्र चाळीस वर्षांपूर्वीचे माझे उत्तर आठवत होते. समुद्र धरणासारखा नसतो. तो सांगून कळत नाही, दाखवावाच लागतो.

महिनाभराने शेजारचे घर तुळजापूरला गेले, तेव्हा त्यांच्या दोन गाई चार दिवस आमच्या गोठ्यात होत्या. सावड फिटली. आता गल्लीतली आणखी दोन घरे विचारायला लागली आहेत.

तेव्हा बंधूंनो, आज संध्याकाळी जेवताना घरात विषय काढा. ‘कुठे जायचे’ असे विचारू नका. आधी विचारा, “आपल्या घरात आजवर कोण मागे राहिलं?” आणि भगिनींनो, ‘मी राहते’ हे शब्द या वेळी तोंडातून काढू नका. उद्या सकाळी शेजारणीला गाठा आणि धारेची सावड ठरवा. मुंबई कुठे पळून जात नाही.